ब्राउझरमधून सर्व्हरचं शेल: शेल-इन-अ-बॉक्स, टीटीवायडी की कॉकपिट?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये एकच उबुंटू सर्व्हर आहे, त्यावर ईआरपी चालतं आणि सिस्टीम बघणारा माणूस कॉलेज रोडला बसतो, असं धरू. त्याच्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची नेहमीची सुरक्षित जोडणी) सर्व्हरशी जोडता येत असेल तर खालचं काहीही बसवू नका. ब्राउझरमधलं शेल (कमांड टाइप करायची खिडकी) लागतं ते समोरच्या नेटवर्कवर ४४३ (सुरक्षित वेबसाइटचा) सोडून बाकी पोर्ट बंद असतात तेव्हा, किंवा हाताशी फक्त दुसऱ्याचा पीसी असतो तेव्हा.

शेल-इन-अ-बॉक्स सगळ्यात जुनं. एपीटीने (उबुंटूचं प्रोग्रॅम बसवायचं साधन) बसवलं की लगेच पोर्ट ४२०० वर, स्वतःच बनवलेल्या सर्टिफिकेटसह सुरू होतं. ब्राउझर इशारा देतो तो त्या सर्टिफिकेटमुळे. वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) लागत नाही, त्यामुळे जुनाट प्रॉक्सीमागूनही (मध्ये बसणारा सर्व्हर) चालतं, आणि हाच त्याचा खरा गुण. पण बसवल्या बसवल्या ते सगळ्या नेटवर्कवर उघडं असतं. ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये त्याची फाइल आहे. तिथे ‘लोकलहोस्ट-ओन्ली’ (फक्त त्याच सर्व्हरच्या आतून) हा पर्याय आधी टाका, मगच पुढचं बोला. विकास जवळपास थांबलेला आहे, म्हणून नव्या सर्व्हरवर ते घेऊ नये.

टीटीवायडी हलकं आणि चपळ आहे, पोर्ट ७६८१. त्याचा स्वभाव मात्र समजून घ्यावा लागतो: तुम्ही जो प्रोग्रॅम द्याल तो, ज्या युजरने चालवाल त्याच्या अधिकारात, ते ब्राउझरला देऊन टाकतं. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून ‘बॅश’ हे शेल दिलं तर पासवर्डशिवाय रूट शेल मिळतं. म्हणून ‘बॅश’ऐवजी ‘लॉगिन’ हा पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम द्यावा. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये ते तसंच असतं आणि फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतून, ऐकतं. बसवलं पण शेजारच्या पीसीवरून उघडत नाही, ही तक्रार त्यामुळेच येते. दुसरी नेहमीची तक्रार: स्क्रीन दिसते, टाइप होत नाही. १.७.४ पासून ते मुळात फक्त वाचण्यापुरतं असतं, लिहायचं तर कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय द्यायचा. त्याआधीच्या आवृत्त्यांत उलट होतं, रोखायचं असेल तर कॅपिटल आर. स्मॉल सी पर्यायाने युजर-पासवर्ड देता येतो, पण तो कमांडमध्येच लिहिलेला असल्याने त्याच सर्व्हरवरच्या इतरांना प्रोसेसच्या यादीत वाचता येतो.

कॉकपिट म्हणजे नुसतं शेल नाही. सर्व्हिसेस, लॉग, डिस्क, अपडेट आणि त्यात एक टर्मिनलचा टॅब. पोर्ट ९०९०, लॉगिन सर्व्हरच्याच युजरचं. प्रोमिथियस (सर्व्हरवर देखरेख ठेवणारं साधन) आधीपासून असेल तर तेही ९०९० वरच बसतं. मग कॉकपिटच्या सॉकेट युनिटमध्ये पोर्ट बदला, पण आधी ‘लिसनस्ट्रीम’ची एक रिकामी ओळ द्या, नाहीतर जुना पोर्टही चालूच राहतो. कारखान्यात कमांडची फारशी सवय नसलेला सुपरवायझरही सर्व्हर बघणार असेल तर कॉकपिटच घ्या, इतर पर्यायांची तुलना करत बसू नका.

वेटी हे आणखी एक ब्राउझरमधलं शेल नोड-जेएसवर चालतं आणि आतून एसएसएच करतं. त्याच सर्व्हरवर बसवलं तर चुकीच्या पासवर्डची नोंद १२७.०.०.१ च्या नावावर पडते आणि फेल-टू-बॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड देणारे पत्ते अडवणारा प्रोग्रॅम) बाहेरच्या माणसाला ओळखूच शकत नाही. ग्वाकामोले विंडोजचे रिमोट डेस्कटॉपही दाखवतं. एका सर्व्हरसाठी टॉमकॅटचा (ते ज्यावर चालतं तो जावा सर्व्हर) एवढा पसारा कशाला?

यातलं काहीही घेतलं तरी पुढे एनजिनएक्स (प्रॉक्सी म्हणून बसणारा वेब सर्व्हर) आणि खरं सर्टिफिकेट हवंच, बाहेर उघडा पोर्ट एकच: ४४३. टीटीवायडीसाठी प्रॉक्सीत एचटीटीपी १.१ आणि ‘अपग्रेड’ व ‘कनेक्शन’ हे दोन हेडर द्यायचे. ते राहिले की पान उघडतं, पण टर्मिनल जोडलं जात नाही आणि पुन्हा जोडण्याचा संदेश येतो. कॉकपिटमध्ये हेच हेडर लागतात, शिवाय त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘ओरिजिन्स’खाली तुमचं डोमेन लिहावं लागतं, नाहीतर लॉगिनच्या पुढे गाडी जात नाही.

घरगुती ब्रॉडबँडवर अजून एक अडसर. राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी उपयोग नाही. स्टॅटिक आयपी मागा, किंवा क्लाउडवर छोटा सर्व्हर घेऊन त्याच्याशी वायरगार्ड या व्हीपीएनने जोडा.

लाइट गेली, इंटरनेट तुटलं, की चालू असलेली कमांड अर्धवट मरू शकते. लांबलचक काम टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी कमांड चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा. आणि कंट्रोल-डब्ल्यू विसरा: शेलमध्ये त्याने एक शब्द खोडला जातो, ब्राउझरमध्ये मात्र अख्खा टॅबच बंद होतो.