महिन्याला अडीच हजार किलोमीटर, बजेट साडेचार लाख: डिझायर, इटिऑस की वॅगन आर सीएनजी?

घर ते ऑफिस एवढीच धाव असेल तर कुठलीही बरी पेट्रोल गाडी चालून जाते, त्यासाठी डोकं लावायची गरज नाही. हा आढावा वेगळ्या माणसासाठी आहे. घर संभाजीनगरात, नोकरी जालन्याला, रोजचं अपडाऊन. किंवा औषधांची, बी-बियाण्यांची फिरती. महिन्याला अडीच हजार किलोमीटर सहज पडतात, म्हणजे वर्षाला तीस हजार. हातात साडेचार लाख आणि गाडीसाठी कर्ज काढायचं नाही. अशा गिऱ्हाइकापुढे जुन्या बाजारात माझ्या मते तीनच नावं उरतात: मारुतीची डिझेल डिझायर, टोयोटाची डिझेल इटिऑस आणि कंपनी फिटेड सीएनजीची वॅगन आर.

आधी इंधन, कारण वर्षाला तीस हजार चालणाऱ्या गाडीत दोन वर्षांत गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे टाकीत जातात. हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल 105, डिझेल 92 आणि सीएनजी 90 रुपये धरतो. तुमच्या पंपावरचा भाव घालून आकडे पुन्हा मांडा. ब्रोशरवरचं ॲव्हरेज बाजूला ठेवा. 2017 च्या डिझायर डिझेलला 28.40 छापलं होतं. ऐंशी-नव्वदच्या वेगाने, एसी लावून 22 धरायला हरकत नाही. इटिऑसला 20. वॅगन आर किलोला 26. यांच्या जोडीला एखादी बरी पेट्रोल सेदान, लिटरला 17.

अडीच हजार किलोमीटरला डिझायर साधारण 10,450 रुपयांचं डिझेल पिते, इटिऑस 11,500 चं. वॅगन आरचा गॅस 8,650 चा. पेट्रोल गाडी 15,400 च्या पुढे जाते. म्हणजे पेट्रोल गाडी आणि डिझायर यांच्यात महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजारांचा फरक. पेट्रोलचा विषय इथेच संपला. पण डिझायर आणि गॅसवरची वॅगन आर यांच्यातला फरक महिन्याला अठराशे रुपयेच आहे, आणि 'सीएनजी म्हणजे फुकटात' म्हणणारे लोक हे गणित कधी मांडत नाहीत. मुंबईत गॅस स्वस्त आहे, तिथे फरक वाढेल. मराठवाड्यात हे अठराशे रुपये वाचवायला काय मोजावं लागतं, ते बघू.

वॅगन आरची टाकी साठ लिटर पाण्याच्या मापाची, तिच्यात प्रत्यक्षात आठ किलोच्या आसपास गॅस बसतो. प्रेशर चांगलं असेल तर. एका भरण्यात दोनशे किलोमीटर. रोज सव्वाशे चालणाऱ्याला जवळपास रोज लाइनीत उभं राहावं लागतं, आणि संध्याकाळी प्रेशर पडलं की सहा किलोवरच नोझल काढतात. डिकीत सिलिंडर बसलेला, वर लॅपटॉपची बॅग ठेवा फार तर. नमुन्यांचे खोके मागच्या सीटवर. घाटात एसी लावून चौघं बसले की गाडी दम टाकते. त्यात 2019 पासूनच्या मॉडेलला गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या त्याच वर्षीच्या चाचणीत दोनच तारे मिळाले, आणि सुरुवातीच्या साध्या एलएक्सआय व्हेरिएंटमध्ये एअरबॅग फक्त ड्रायव्हरला. बाजूच्याला हवी तर एलएक्सआय ऑप्शनल शोधावी लागते.

एवढं असूनही शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सांगेन. पिंपरीहून हडपसर, हडपसरहून कात्रज अशी फिरती असेल, पंप वाटेवर असेल, तर ट्रॅफिकमध्ये डिझेलचा क्लच दाबत बसण्यात काय अर्थ आहे? मारुतीचं पेट्रोल इंजिन साधं, काम निघालं तर गल्लीतला मेकॅनिक करतो. फक्त किट कंपनीचं आहे ना, आरसीवर इंधनापुढे पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलंय ना, आणि सिलिंडरची तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट झालीय ना, हे पाहा. बाहेरून बसवलेलं किट आणि कागदावर नुसतं पेट्रोल असेल, तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करते.

आता इटिऑस. दिसायला ही गाडी कधीच कुणाला आवडली नाही. मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, आतलं प्लॅस्टिक बघून शोरूममध्येच लोकांचं तोंड वाकडं व्हायचं. पण टॅक्सीवाल्यांना विचारा. तीन-चार लाख किलोमीटर फिरलेल्या आणि अजून भाडं मारणाऱ्या इटिऑस कुठल्याही स्टँडवर दिसतील. 1.4 लिटरचं, 68 पीएसचं इंजिन. ताकद बेताची, पण त्यामुळेच त्याच्यावर ताणही बेताचा. डिकी तब्बल 595 लिटरची, जुन्या डिझायरच्या 316 लिटरच्या जवळपास दुप्पट. लग्नसराईत याचं मोल कळतं. ग्लोबल एनकॅपने एअरबॅगवाली इटिऑस आपटून पाहिली तेव्हा तिला चार तारे मिळाले होते. रोज हायवेवर असणाऱ्या माणसाने हे हिशेबात धरावं असं मला वाटतं, जरी जुनी गाडी घेताना कुणी हे विचारत नसलं तरी.

इटिऑसची अडचण वेगळीच आहे. चांगली सापडत नाही. खासगी मालकाकडची, नीट ठेवलेली इटिऑस सहसा घरातल्या घरात नाहीतर ओळखीत जाते. एजंटाच्या आवारात येते तिच्यातली एखादी टॅक्सीच्या टी परमिटवरून खासगी पांढऱ्या पाटीवर उतरवलेली असते. टॅक्सी होती म्हणून गाडी वाईट होत नाही, पण मग भाव टॅक्सीचा हवा. आधीची नोंद व्यावसायिक होती का, हे आरटीओच्या नोंदीत तपासून घ्या. डिझायरलाही हे लागू, तीही टॅक्सीत तेवढीच चालली.

डिझायरकडे येतो, कारण बहुतेकांची गाडी शेवटी तिथेच थांबणार आहे. आतलं 1248 सीसीचं डीडीआयएस इंजिन मुळात फियाटचं. ते मारुतीत आलं, टाटांच्या गाड्यांत आलं, फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत तर होतंच. त्यामुळे ते उघडलं नाही असा डिझेल मेकॅनिक महाराष्ट्रात सापडणं कठीण. रात्री आठ वाजता जालन्याच्या अंबड चौफुलीवर गाडी बंद पडली तर या गोष्टीची किंमत कळते. मारुतीने एप्रिल 2020 पासून, बीएस सिक्स हे प्रदूषणाचे नवे नियम येताना, डिझेल बंद केलं, म्हणजे सगळ्यात नवी गाडीही आता काही वर्षं जुनी आहे. मे 2017 नंतरचं मॉडेल मिळालं तर उत्तम: दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हेरिएंटला. त्याआधीच्या साध्या व्हीडीआयला एअरबॅग नसायच्या.

या इंजिनाचा दुखरा भाग म्हणजे टायमिंग चेन, इंजिनाच्या आतले भाग एका ठेक्यात फिरवणारी साखळी. बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही, म्हणून लोक तिला विसरतात. ऑइल वेळेवर बदललं तर ती टिकते. दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल अठरा हजारांवर नेणाऱ्याच्या गाडीत ती सैल पडते. ओळखायची कशी? गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर चहा पिऊन परत फिरा. थंड असेल तर बोनेट उघडून चालू करायला सांगा आणि कान तिकडे ठेवा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी ओढल्यासारखी खडखड आली तर चेन किटचा खर्च भावातून वजा करा. इंजिन तापलं की ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ येणारच. भसाभस धूर मारत असेल तर आत पिस्टन रिंगचं काम निघालंय, मग भाव कितीही उतरला तरी ती गाडी नको.

किलोमीटरवरून घाबरू नका. उलट 2018 ची डिझेल गाडी आणि मीटरवर 48,000 असेल तर मला शंका येते. डिझेल घेणारा माणूस एवढं कमी चालवेल कशाला? किलोमीटर पाडून देणारे प्रत्येक शहरात बसलेत. गाडीचा नंबर घेऊन मारुतीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, ओळख असेल तर ते मागच्या सर्व्हिसच्या नोंदी दाखवतात. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली आणि मीटर मात्र पन्नास हजारांच्या आत, हे जुळत नाही. एक लाख दहा हजार झालेली, दर दहा हजारांना शोरूमचा शिक्का असलेली, हायवेची गाडी त्यापेक्षा कितीतरी चांगली.

होंडा अमेझ डिझेलही या बजेटात येते. शंभर पीएस, ओव्हरटेकला मजा येते, ॲव्हरेज डिझायरच्या तोडीचं. पण आवाज खूप, आणि होंडाने डिझेलच बंद केल्यामुळे तालुक्याच्या गावात तिला हात लावणारा मिळेलच असं नाही. मोठ्या शहरात राहत असाल तर विचार करा.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचे फोटो तुम्हालाही आले असतील. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बरीच वर्षं बंदीची तलवार होती, म्हणून मालक लवकर काढायचे. भाव बघून मोह होतो. त्यावर एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन पासिंग आणि आरटीओच्या खेपा धरा. वाचलेल्यातले बरेचसे तिथेच जातात. आणि गाडीचा इतिहास बाराशे-तेराशे किलोमीटर लांब राहतो.

साडेचार लाखांतले चार लाखच गाडीला द्या. उरलेले पन्नास हजार पहिल्या दोन महिन्यांत लागतातच: चार टायर, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, सगळी ऑइलं. हे काम करून घेतलेली सर्व्हिस रेकॉर्डवाली डिझायर मी जालन्याच्या त्या माणसाला देईन. ओळखीत खासगी इटिऑस निघाली तर डिझायरचा सौदा मोडून ती. विकताना काय येईल याची चिंता दोन्हीकडे नको. पाच वर्षांत अजून दीड लाख किलोमीटर पडलेले असतील, तेव्हा जो भाव येईल तो येईल.