पगाराच्या शंका: ग्रुप, ॲप की टेबल?

रबाळे एमआयडीसीत आमचा साठ-पासष्ट माणसांचा कारखाना आहे. पगाराचं काम माझ्याकडे. सात तारखेपर्यंत पैसे खात्यात पडतात आणि आठला सकाळी पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी विचारतोच, "साहेब, या वेळी कमी कसे आले?" ह्याला उत्तर द्यायचे तीन मार्ग मी वापरून पाहिलेत. तुम्ही नुकतेच ह्या खुर्चीत बसला असाल तर उपयोग होईल.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल फार सांगायला नको. सगळ्यांना सारखी लागू असलेली गोष्ट तिथेच टाकावी. फेब्रुवारीच्या पगारातून पीटी, म्हणजे व्यवसाय कर, 200 ऐवजी 300 जातो. अकरा महिने 200 आणि एकदा 300 मिळून वर्षाचे 2,500, राज्यघटनेनं घातलेली मर्यादाच तेवढी. हे आधी टाकलं की मार्चमध्ये माझा फोन थंड असतो. पण 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना पीटी माफ आहे, असं लिहिल्यावर दोन दिवस माझीच खेचली गेली. आणि एकानं आपल्या स्लिपचा फोटो टाकला, की खाली दुसरा विचारणार, "तुझा ओव्हरटाइम अठरा तास कसा? आपण तर एकाच पाळीला होतो." मग सुपरवायझर मध्ये पडतो, आणि दिवस गेला.

ॲप मालकांच्या भाच्यानं आणलं. स्लिप आणि रजेसाठी ते उत्तम, अजूनही चालू आहे. रात्रपाळीचा माणूस पहाटे तीनला स्लिप उघडून बघू शकतो. माझं बिनसलं ते शंकेच्या तिकिटावर, म्हणजे ॲपमध्ये नोंदवलेल्या प्रश्नावर. 48 तासांत उत्तर गेलं नाही की तिकीट लाल होतं आणि मालकांच्या रिपोर्टात झळकतं. मग मी काय करायचो? "नियमानुसार कपात" एवढं लिहून तिकीट बंद. रिपोर्ट हिरवागार, माणूस होता तिथेच.

एका वेल्डरचा पगार जुलैपासून 22,000 झाला. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा 21,000, मग 165 रुपये का कापले, असं त्यानं विचारलं. प्रश्न रास्त. मी "नियमानुसार" लिहून बंद केलं. त्यानं परत उघडलं, मी परत बंद. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी तो हात चिंधीला पुसत थेट माझ्यासमोर उभा राहिला. मी एका पाठकोऱ्या कागदावर रेघ ओढून दाखवलं: एप्रिल ते सप्टेंबर हा एक टप्पा, मध्येच पगार वाढला तरी टप्पा संपेपर्यंत कपात चालू राहते, आणि त्या टप्प्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. तो कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मार्चमध्ये वाशीचं ईएसआय हॉस्पिटल चालेल?" बायकोचे दिवस मार्चमध्ये भरत होते. तिकिटात हे तो कशाला लिहील? आणि मी तरी तीनदा काय बंद करत होतो?

तेव्हापासून दर महिन्याच्या नऊ आणि दहा तारखेला, पहिली पाळी सुटते नि दुसरी लागते त्या वेळेला, कँटीनच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसतो. समोर हजेरीचं प्रिंट, कॅल्क्युलेटर आणि एक वही. वहीत नाव, शंका, आणि लगेच सांगता आलं नाही तर कोणत्या तारखेला सांगणार ते. पीएफचा जुना खातेक्रमांक जोडून घेण्यासारखी कामं एका बैठकीत होत नाहीत. पण तारीख लिहिलेली दिसली की माणूस रोज विचारायला येत नाही. उत्तर पटलं की तो सही करतो, तोवर ती ओळ उघडी. ह्यात माझ्या दोन दुपारी जातात, हे खरं.

तुमच्याकडे तीनशे-चारशे माणसं असतील, किंवा निम्मी तळोज्याला आणि निम्मी महाप्याला, तर कदाचित ॲपशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा निदान तो 48 तासांचा काटा काढून टाकायला सांगा आणि तिकीट बंद करायचं बटण विचारणाऱ्याच्याच हातात ठेवा. शे-दीडशेच्या आत असाल तर मी टेबलच म्हणेन. वही मात्र दोनशे पानी घ्या. आमची शंभर पानी दिवाळीच्या बोनसलाच संपली.