रात्रीच्या हॉटेलवर बंदूकवाला गार्ड: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

फ्रायर कुठला घ्यावा, डीप फ्रीजर कुठला टिकतो, हे हॉटेलवाले एकमेकांना न विचारताही सांगतात. बंदूकवाल्या गार्डचं मात्र विचारूनही कुणी धड सांगत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गार्ड ठेवायचं ठरवलं तेव्हा मी साताऱ्यात चार जणांना विचारलं होतं. दोघं हसले, एकाने एजन्सीचा नंबर दिला आणि चौथा म्हणाला, "पेट्रोल पंप हाय का तुजा?" म्हणून आता जे कळलं ते लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

आमचं हॉटेल बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून थोडं पुढे, सर्व्हिस रोडला. बर्गर, रोल, फ्राइड चिकन, मोमो. संध्याकाळी पाचला शटर वर, रात्री दोनला खाली. अकरापर्यंत घरची माणसं आणि कॉलेजची पोरं. अकरानंतर एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटते, पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेल्या गाड्या थांबतात, कासच्या हंगामात रूम न मिळालेले पर्यटक येतात, आणि धाब्यावर 'बसून' उठलेल्यांना शेवटी काहीतरी कुरकुरीत हवं असतं. निम्मा धंदा या तीन तासांचा, आणि भानगडीही सगळ्या याच तीन तासांतल्या.

जूनमध्ये पावसाने लाइट गेली. इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या वेळात दोघांनी गल्ला उचलला आणि मोटारसायकलवर बसून गेले. अठरा हजार गेले. काउंटरवरचं पोरगं आडवं गेलं, तर त्याच्या कपाळावर बाटली मारली. सहा टाके. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याची आई भेटली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मावसभावाच्या मुलाचा कॅलिफोर्नियातून फोन आला. त्याला हे कळलं होतं. म्हणाला, "काका, इथं ओकलंडला इन-एन-आउटने मार्चमध्ये दुकान बंद केलं. चांगलं चालणारं. चोऱ्यामाऱ्यांमुळे." ही तिकडची मोठी बर्गर कंपनी. तिने तोवर एकही शाखा बंद केलेली नव्हती, ही पहिली. तिकडे बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या दुकानांवर बंदूकवाला असतो असंही तो म्हणाला. तेच डोक्यात बसलं. एवढी मोठी कंपनी हात टेकते, तिथं आपण कोण?

आता मुद्द्याचं. एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ खालचा परवाना हवा. तो दाखवा म्हणायला लाजू नका. गार्डचं प्रशिक्षण झालं पाहिजे: शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष. माजी सैनिकाला यातलं बरंच माफ असतं, चाळीस अधिक सोळा तासांत भागतं. आमच्या बाबतीत बंदूक आणि तिचा परवाना दोन्ही गार्डच्या स्वतःच्या नावावर होतं. परवान्याची झेरॉक्स घ्या, मुदत बघा, आणि किती काडतुसं बाळगायची मुभा आहे तेही त्यावरच लिहिलेलं असतं, ते वाचा. मी पहिल्या महिन्यात यातलं काहीच पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं, सगळं बरोबर निघालं, पण ती माझी हुशारी नव्हती.

दर महिना सत्तावीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी. आपण हॉटेलवाले गिऱ्हाइकाकडून पाच टक्के घेतो आणि त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणून ते अठरा टक्के खिशातूनच जातात. एजन्सीवाला हे सांगत नाही. तुमचा सीए सांगेल, पण बिल आल्यावर.

आलेले गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडे पलटणीतून आलेला कुणीही मेजरच, त्यामुळे पहिल्या रात्रीपासून ते मेजर. बारा बोअरची दोन नळी बंदूक, पट्ट्याला काडतुसं, मिशा अशा की त्यांचेच वेगळे पैसे लावावेत. दाराशी स्टूल दिलं, ते चौदा महिन्यांत बसायला क्वचितच वापरलं. थंडीत त्यांना जुनं लष्करी जॅकेट घालायचं होतं. ते जमलं नाही. खासगी गार्डने लष्कराचा किंवा पोलिसांचा गणवेश घालणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. मग माझ्या मेव्हण्याचा बिनबाह्यांचा स्वेटर दिला. बंदूक आणि तो स्वेटर हे दृश्य बघण्यासारखं होतं.

पहिले दोन महिने काय झालं सांगतो. दारुडे आवाज खाली करून बोलायला लागले, हे खरं. बिल न देता उठणं थांबलं. पण साडेनऊला येणारी कुटुंबं कमी झाली. एक ताई पोराचा हात धरून दारातच थांबल्या आणि विचारलं, "दादा, आत काही झालंय का?" काही नाही म्हटलं. त्या पार्सल घेऊन गेल्या आणि पुढेही पार्सलच नेत राहिल्या. उलट ज्या पोरांना लांब ठेवायला गार्ड आणला ती पोरं वाढली! "ओ मेजर, जरा खांद्यावर घ्या की बंदूक," म्हणत रील काढायला यायची. चार जणांत एक रोल घ्यायचे आणि तासभर दारात. एका रीलखाली कुणीतरी माझ्या हॉटेलचं नाव टाकलं आणि शनिवारी रात्री आणखी वीस जण आले. जाहिरात म्हणून वाईट नव्हतं, पण मी जाहिरातीचे पैसे मोजत नव्हतो.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि चार-पाच दिवसांत मेजर मोकळ्या हाताने आले. "बंदूक जमा करायला सांगितलीय मालक, ठाण्यात." मला हे माहीतच नव्हतं. निवडणुकीत कुणाची शस्त्रं जमा करायची हे छाननी समिती ठरवते. बँकांच्या गार्डांना सूट मिळते, आमच्या बर्गरला मिळाली नाही. एजन्सीला फोन केला की आता दर कमी करा. ते म्हणाले, माणूस तोच आहे ना? यावर माझी दोन दिवस भांडणं झाली, पैसे पूर्ण गेले. करार करताना ही ओळ आधी लिहून घ्या: बंदूक जमा असेल त्या काळात दर कोणता. निवडणुका आपल्याकडे थोड्या नसतात.

तर ते सहा-सात आठवडे मेजर काठी, शिट्टी आणि टॉर्च घेऊन उभे होते. दिवाळी त्यातच आली. मी रोज दोनपर्यंत पोटात गोळा घेऊन बसायचो. काहीच झालं नाही. भानगडींची माझी वही आहे, तारीख-वेळ टाकून लिहितो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाच नोंदी, बंदूक नसताना तीन. रीलवाली पोरं बंद झाली म्हणून दोन कमी झाल्या असतील. मेजरनी त्या काळात एक सवय लावली. दारात येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करून "किती जण आहात?" विचारायचे. साधा प्रश्न. पण ज्याला गडबड करायची असते त्याला आपला चेहरा कुणी निरखून बघितलेला आवडत नाही.

निकालानंतर डिसेंबरात बंदूक परत आली. आणि जानेवारीत ती रात्र आली.

एक वाजायला दहा मिनिटं. दोन गाड्यांवर चौघे. त्यातला एक माझ्याकडे फ्रायरवर होता, दिवाळीनंतर काढलेला. राहिलेला पगार दे, म्हणून ओरडायला लागला. राहिलं काही नव्हतं, पण ते सोडा. दुसऱ्याने जॅकेटमधून कोयता काढला. मी आतून पाहतोय: मेजर आत सरकले, शटर कमरेपर्यंत ओढलं, आणि मग बंदूक मधून उघडून दोन्ही काडतुसं बाहेर काढून खिशात टाकली. मला वाटलं, माणूस घाबरला. मी ११२ लावला. बाहेरच्यांनी दाराच्या काचेवर दोन वार केले, शिव्या दिल्या, तेवढ्यात मेजर शटरच्या आडून शांत आवाजात त्या पोराला त्याच्या नावाने हाक मारत होते, "तुझं नाव मला माहितीये, गाव माहितीये, आता घरी जा." अकराव्या मिनिटाला पोलिसांची गाडी आली तेव्हा ते चौघे गेलेले होते. दोन दिवसांत दोघं सापडले.

मी मेजरवर चिडलो. जादाचे हजारो रुपये कशाचे देतो? त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालक, ही बारा बोअर. छर्रा पसरतो. समोर चार पोरं, त्यांच्या मागं रिक्षा स्टँड, आत नऊ गिऱ्हाइकं. कुणाला लागंल सांगता येत न्हाई. आन् झटापटीत हातातनं गेली तर भरल्याली बंदूक त्यांच्याकडं." मग थोडं थांबून, "कोयत्यानं काच फुटती. काच नऊ हजाराची हाय."

साडेनऊ हजारांची निघाली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "फायर केलं का?" नाही म्हटल्यावर त्यांनी चहा सांगितला.

हे पुतण्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तिकडच्या दोन वाईट प्रकरणांत असंच आहे. १९९३ मध्ये शिकागोजवळच्या पॅलाटाइन गावात ब्राउन्स चिकन नावाच्या हॉटेलात सात जणांना मारलं, आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात वेंडीज या बर्गरच्या हॉटेलात सात जणांना गोळ्या घातल्या, पाच गेले. दोन्हीकडे बंद व्हायच्या वेळेला, आणि दोन्हीकडे मारणाऱ्यांपैकी एक जण तिथंच आधी कामाला होता. पॅलाटाइनचे गुन्हेगार तर नऊ वर्षांनी सापडले, कचऱ्याच्या डब्यातल्या अर्धवट खाल्लेल्या चिकनवरच्या लाळेवरून. पोलिसांनी ते फ्रीजरमध्ये जपून ठेवलं होतं. मी तो फोन ठेवला आणि आधी काढलेल्या सगळ्या पोरांचे हिशेब पुन्हा तपासले. एकाचे खरंच सोळाशे द्यायचे होते. गाडी काढून त्याच्या गावी जाऊन दिले. कुलूपही बदललं, जे मी तीन वर्षांत बदललं नव्हतं.

अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याने, ओशाने, १९९८ मध्येच रात्री चालणाऱ्या दुकानांसाठी सूचना काढल्या आहेत. त्या पुतण्याने पाठवल्या. काचेवरचे पोस्टर काढा म्हणजे बाहेरून आतलं दिसेल, उजेड वाढवा, गल्ल्यात कमी रोकड ठेवा, बाकीची फटीतून आत जाणाऱ्या तिजोरीत टाका, दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करा म्हणजे पळणाऱ्याची उंची सांगता येईल. मी सगळं केलं. काचेवरचा चार फुटी बर्गर काढताना जीव तुटला, पण आता रस्त्यावरून काउंटर दिसतो. तिजोरी वेल्डिंगवाल्याकडून साडेचार हजारांत करून घेतली, किल्ली रात्री हॉटेलात नसते, आणि तशी पाटी काउंटरवर लावली. उंचीच्या पट्टीवर पोरं येऊन स्वतःची उंची मोजतात, तिचा दुसरा काही उपयोग अजून झालेला नाही.

आणि खरी गळती भलतीकडेच होती, हे सांगायला हवं. रात्री माझ्याकडे चारातली तीन बिलं स्कॅनरवर होतात. गर्दीत पोरं पैसे गेल्याचा खोटा स्क्रीन दाखवून निघायची. साउंडबॉक्स बसवला आणि "आवाज आल्याशिवाय पार्सल नाही" असं ठरवलं. महिन्याला किती जात होते हे मोजलं तेव्हा जूनमधला गल्ला किरकोळ वाटला.

एप्रिल २०२५ पासून मेजर बिनबंदुकीचे आहेत. दर सतरा हजार. मला वाटलं, त्यांना राग येईल. ते म्हणाले, "बरं झालं. खांदा दुखतोय." घासाघीस करून एजन्सीकडून त्यांचा पगार तेवढाच ठेवायला लावला. जो जास्तीचा पैसा होता तो बंदुकीच्या नावाखाली एजन्सीच खात होती, हेही तेव्हा उघड झालं.

एजन्सीबद्दल मत चांगलं नाही. मेजर लग्नासाठी चार दिवस गावी गेले तेव्हा बदली माणूस आला आणि त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी बंदूक. परवाना मागितला तर फोनवर उत्तर, "एक रात्र घ्या चालवून." एकाच्या परवान्यावरची बंदूक दुसऱ्याच्या हातात म्हणजे शस्त्र कायद्याचा गुन्हा, आणि तो माझ्या दारात. त्याला रोल खायला घालून परत पाठवलं. नाव लिहीत नाही, पण तुम्ही कुणाकडूनही घ्या, बदलीच्या रात्री स्वतः हजर राहा.

ज्यांचं दुकान एकटं, हायवेच्या कडेला, आणि रोकड मोठी, म्हणजे पंप, सराफ, त्यांनी बंदुकीचा विचार करावा. जिथं आत माणसं बसून खातात तिथं मी आता ठेवणार नाही. पाचपैकी विचाराल तर बंदुकीला दीड, मेजरना पाच, एजन्सीला एक, तोही मेजर पाठवल्याबद्दल.

१ ऑक्टोबर २०२५ ला शासन निर्णय आला की दारूची ठिकाणं सोडून दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतील. खरं तर दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातच ती मुभा होती. बायको म्हणते चारपर्यंत चालवू. मेजरना विचारलं तर म्हणाले, चार वाजता चहा मिळणार असंल तर हाय मी.

रीलवाली पोरं अजून अधूनमधून येतात. "मेजर, बंदूक कुठाय?"

"जमा हाय. इलेक्शन."

"कुठलं इलेक्शन?"

"येतंय."