कार-टी उपचार: बरेच महिने उलटल्यावरचा अनुभव आणि एका वहीची तक्रार

बाबांच्या कार-टीला, म्हणजे स्वतःच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या उपचाराला, आता बरेच महिने झाले. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) दोनदा उलटला होता, केमोला दाद देत नव्हता, आणि हा उपचार लागू पडला. परवाच्या पेट स्कॅनमध्येही काही दिसलं नाही. तेव्हा उपचाराबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तक्रार आहे ती रुग्णालयाच्या एका सवयीबद्दल. परवा तपासणीच्या वेळी मी वॉर्डात बाबांनी रोज लिहिलेले जुने कागद मागितले, तर उत्तर आलं, "ते आम्ही ठेवत नाही." म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रक्तातल्या टी-पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) काढून, प्रयोगशाळेत बदलून, त्यांना कर्करोगाच्या पेशींवरची सीडी19 ही खूण ओळखायला लावतात. पेशी काढताना काही तास मशीनला जोडून पडून राहावं लागतं, बाकी त्रास फारसा नाही. परत देतानाचा कार्यक्रम त्याहून लहान. गोठवलेली छोटीशी पिशवी खाटेशेजारी वितळवली आणि थोड्याच वेळात ती रिकामी झाली. पेशी गोठवताना वापरतात त्या डीएमएसओ या द्रव्याचा उग्र वास मात्र खोलीत आणि बाबांच्या श्वासाला नंतरही येत राहिला.

मधली वाट पाहणं हीच माझी मोठी तक्रार होणार, असं तेव्हा वाटत होतं. झूमा-1 या कार-टीच्या रुग्णांवरच्या चाचणीत पेशी काढल्यापासून त्या तयार होऊन केंद्रावर पोचेपर्यंतचा मध्यक (मधला आकडा) 17 दिवसांचा होता. आमचं त्याहून लांबलं, आणि तेवढ्या काळात मानेतली गाठ वाढताना दिसत होती. पण त्या वेळात पेशींची वाढ होते, निर्जंतुकपणाच्या चाचण्या होतात, त्या गाळून चालणार नाही. पुढे जे पाहिलं त्यानंतर ही तक्रार मागे पडली.

वॉर्डात आधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं, मग पेशी, मग ताप. हा ताप अपेक्षितच असतो. त्यावर टोसिलिझुमॅब देतात, मुळात संधिवातासाठी बनवलेलं औषध. 2012 मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी कार-टीनंतर अत्यवस्थ झाली, तेव्हा डॉ. कार्ल जून आणि सहकाऱ्यांनी ते वापरून पाहिलं आणि ती वाचली. जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात असल्यामुळे ते औषध त्यांच्या माहितीतलं होतं. बाबांचाही ताप त्यानं उतरला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

पण टोसिलिझुमॅब मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, आणि या उपचाराचा दुसरा मोठा त्रास मेंदूचाच आहे. झूमा-1 मधल्या 101 रुग्णांपैकी 28 टक्क्यांना तो तीव्र स्वरूपात झाला. तो वेळीच ओळखता यावा म्हणून नर्स दिवसातून ठरावीक वेळा दहा गुणांची तोंडी परीक्षा घेते. साल, महिना, गाव, रुग्णालय यांचे चार गुण. तीन वस्तूंची नावं सांगायची, त्याचे तीन. सांगितलेली एक कृती करायची, शंभरापासून दहा-दहानं उलटं मोजायचं आणि एक वाक्य लिहायचं, यांचा प्रत्येकी एक.

त्या शेवटच्या एका गुणाबद्दल मला बोलायचं आहे.

बाबा रोज एकच वाक्य लिहायचे: "खिडकीबाहेर ऊन पडलं आहे." ढग असले तरी हेच. त्यांची जुनी सवय अशी की आधी शब्दाची सगळी अक्षरं लिहायची आणि मग वरून एका दमात शिरोरेषा ओढायची. ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाक्य लिहिलं, नर्सनं वाचलं, दहापैकी दहा दिले. मी कागद हातात घेतला. शिरोरेषा नव्हती. एकाही शब्दावर नाही. अक्षरं सुटी पडलेली, ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली, आणि "बाहेर"मधला र दोनदा लिहिलेला. आदल्या दिवशीच्या कागदाशी ताडून पाहावं म्हटलं, तर तो केव्हाच केराच्या टोपलीत गेला होता.

मी नर्सला म्हटलं, यांचं अक्षर असं नाही. ती सौम्यपणे म्हणाली, "वाक्य वाचता येतंय ना, ताई? मग पूर्ण गुण." तिच्या नियमानुसार ते बरोबरच होतं. संध्याकाळी बाबांना घड्याळाचं नाव आठवेना. "ते... हातातलं" एवढंच म्हणत राहिले. रात्री त्यांनी पेन धरलं आणि कागदावर नुसती थरथरती रेघ उमटली. मग डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं, फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅमचा डोस वाढवला, मेंदूचा ईईजी झाला. काही दिवसांत सगळं निवळलं. ज्या सकाळी शिरोरेषा परत आली, तो कागद मी मागून घेतला. तो आजही माझ्याकडे आहे.

सकाळीच हालचाल झाली असती तर रात्र टळली असती, असा माझा दावा नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण अक्षर बिघडणं हे या त्रासाच्या पहिल्या खुणांपैकी एक आहे, हे तेच डॉक्टर सांगतात. मग आजचं अक्षर कालच्या अक्षराशेजारी ठेवून पाहायची सोय का नसावी? मी हेड नर्सशी बोलले, मग डॉक्टरांशी बोलले. "गुण संगणकात नोंदवलेले असतात" हेच उत्तर दोघांकडून. गुण सांगतात की वाक्य लिहिलं. ते कसं लिहिलं हे फक्त कागद सांगतो. संसर्गाच्या भीतीनं वस्तू खोलीबाहेर नेत नाहीत हे मान्य, पण वही रुग्णाच्याच खोलीत राहू शकते. इतका महागडा उपचार, आणि एक वही नाही, याचा मला अजून राग येतो. पेशी देण्याआधीच पहिल्या पानावर रुग्णाचं नेहमीचं अक्षर घ्यावं, मग रोज तारीख घालून त्याखाली लिहून घ्यावं. यापेक्षा जास्त माझं काही मागणं नाही.

घरी सोडताना ताप किती चढला तर फोन करायचा, हे तीनतीनदा बजावलं. लिहून बघण्याबद्दल अवाक्षर नाही. हा त्रास उशिरानंही उद्भवू शकतो, म्हणून मीच रेघांची वही आणली आणि रोज सकाळी बाबांना लिहायला बसवलं. उलटे आकडेही मोजून घेतले. सुरुवातीला ते कंटाळायचे, मग स्वतःच वही मागायला लागले. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं कार-टीवरचे निर्बंध सैल केले. केंद्राजवळ राहण्याचा काळ चार आठवड्यांवरून दोनवर आला, गाडी न चालवण्याचा आठवरून दोनवर. रुग्णांच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. पण रुग्ण लवकर घरी जाणार असतील तर लक्ष ठेवायचं काम घरच्यांवर येणार, आणि घरच्यांकडे मॉनिटर नसतो. वही असू शकते.

आता उपचाराबद्दल. मी पूर्ण गुण देणार होते, पण गेल्या काही महिन्यांत थोडं मत बदललं आहे. "एकदाच घ्यायचा उपचार" असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. पेशी एकदाच देतात हे खरं. मात्र सीडी19 निरोगी बी-पेशींवरही असतो, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि अँटिबॉडी तयार होणं मंदावतं. बाबांना सायनसचा संसर्ग वारंवार होऊ लागला, तपासणीत आयजीजी (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडी) खूपच कमी निघालं, आणि तेव्हापासून शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, चालू आहे. जुन्या लसीही पुन्हा घ्यायच्या आहेत. शिवाय जानेवारी 2024 मध्ये एफडीएनं टी-पेशींच्या नव्या कर्करोगाचा इशारा औषधांवर छापायला लावला. धोका दुर्मीळ आहे, पण तपासण्या आयुष्यभर कराव्या लागतात. झूमा-1 मध्ये पाच वर्षांनी सुमारे 43 टक्के रुग्ण हयात होते. इतर उपाय हरलेल्या रुग्णांसाठी हा आकडा फार मोठा आहे, आणि पुन्हा वेळ आली तर आम्ही हाच उपचार निवडू. फक्त सही करण्याआधी नंतरच्या या गोष्टी कुणीतरी समोर बसून सांगायला हव्या होत्या.

बाबांच्या हाताच्या शिरा आता पटकन सापडत नाहीत. पोटाच्या त्वचेखाली घ्यायचं इम्युनोग्लोब्युलिन शिकून घेतलं की घरीच घेता येतं, असं कळलं आहे. त्याची चौकशी चालू आहे. कुणी ते वापरत असेल तर सुईच्या जागची सूज किती वेळ राहते आणि घरच्यांना ते शिकायला किती वेळ लागला, एवढं कळवा.