पार्किंगला इपॉक्सी की टाइल्स?
नाशिकला भाच्याचं घर होतंय. "मामा, पार्किंगला काय करू?" म्हणून फोन आला.

इपॉक्सी, म्हणजे काँक्रीटच्या जमिनीवर चढवायचा रेझिनचा थर, दिसायला देखणी. सांधा नाही, ऑइल सांडलं तरी फडक्यानं निघतं. खरी मेख ओलाव्यात आहे. नव्या काँक्रीटवर साधारण 28 दिवस थांबावं लागतं, आणि खालून ओल आली की कोटिंग फुगून पापुद्रे सुटतात. उन्हात पिवळीही पडते.

टाइल्सना उन्हाची धास्ती नाही. खाली पोकळ राहिली तर चाकाखाली तडकते, पण तेवढी एकच बदलायची. सांध्यांत मात्र काळं तेल बसतं, घासत बसा!

छताखालची कोरडी जागा, घरीच गाडी खोलायची हौस, तर इपॉक्सी. पावसाचं पाणी येत असेल तर खरबरीत टाइल्स. भाच्याची जागा उघडीच आहे.