मोगऱ्याचं अत्तर, क्लोए की नार्सिसो?

दुकानात 'काहीतरी हलकं, फुलांचं दाखवा' म्हटलं की काउंटरवर जे येतं ते हलकं असेलच असं नाही. गोड, गुलाबी वास लांबवर जाऊ शकतो आणि दाट वास अंगाशीच बसून राहू शकतो. म्हणून बाटली निवडण्याआधी ठरवा, वास कुठपर्यंत पोचायला हवा: शेजारच्या खुर्चीपर्यंत, की फक्त गळ्यात पडणाऱ्या माणसापर्यंत?

फ्रेंच ब्रँड क्लोएचं ओ द पार्फम (म्हणजे सुगंधाचं प्रमाण जास्त असलेला स्प्रे, 2008) नाजूक फुलांच्या यादीत हमखास असतं. गळ्याशी फीत बांधलेली बाटली, वासात सुरुवातीला पिओनी, लिची, फ्रीजिया, मग गुलाब. नुकत्याच धुऊन इस्त्री केलेल्या सुती साडीसारखा स्वच्छ, किंचित साबणाकडे झुकणारा वास. (पिओनीच्या फुलातून वापरण्याजोगा अर्क निघत नाही, पिओनी म्हणून आपण जे हुंगतो ते प्रयोगशाळेत जुळवलेलं असतं.) पण हा वास लाजाळू मुळीच नाही. तुम्ही लिफ्टमधून उतरता, तो मागे राहतो. भेट द्यायला उत्तम, कारण नावडणारी माणसं कमी. 'जवळचा' वास हवा असेल तर मात्र एकच फवारा, तोही कपड्याच्या आत.

नार्सिसो रॉड्रिग्जचं 'फॉर हर' 2003 चं, क्रिस्टीन नाजेल आणि फ्रान्सिस कुर्कजियाँ यांनी रचलेलं. मी सांगतोय ते काळ्या बाटलीतलं ओ द त्वालेत, म्हणजे सुगंधाचं प्रमाण त्याहून कमी असलेला प्रकार. गुलाबी बाटलीतलं ओ द पार्फम वेगळं आहे, ऑनलाइन मागवताना गल्लत होते. यात संत्र्याचं फूल आहे, पण सगळा खेळ कस्तुरीचा. ही कस्तुरी कृत्रिम. तिचे रेणू जड, सावकाश उडणारे, त्यामुळे फूल विरलं तरी त्वचेवर ऊबदार, स्वच्छ असं काहीतरी उरतं आणि ते अंगाचाच वास वाटतं. अडचण अशी की कस्तुरीचे काही रेणू काही जणांच्या नाकाला कळतच नाहीत. 'यात तर काहीच वास नाही' म्हणून बाटली परत ठेवण्याआधी सोबतच्या माणसाला मनगट हुंगायला द्या.

मोगऱ्याच्या अत्तराची गोष्ट न्यारी. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात, फुलं आणि पाणी तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या दुसऱ्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलं बदलत हे पुन्हा पुन्हा करतात. अल्कोहोल नाही, त्यामुळे हवेत फवारा उडत नाही. वास लावल्या जागी थांबतो आणि अंगाच्या उबेने हळूहळू उलगडतो. ज्यांना गजऱ्याचा ताजा, हिरवट वास हवा असतो त्यांची इथे निराशा होते. वाफेत ती टवटवी राहत नाही आणि चंदन सगळ्याला गोलाई देतं. शिवाय मोगऱ्यात इंडोल नावाचं रसायन असतं. रात्री उशाशी ठेवलेला गजरा सकाळी तपकिरी पडतो तेव्हा त्याला जो जड, जरा आंबूस-मांसल वास येतो, त्यात या इंडोलचा वाटा असतो. अत्तरात ते खाली कुठेतरी असतं, आणि मोगरा निव्वळ गोड न राहता अंगाचा वाटतो तो त्यामुळेच. काहींना हेच नको असतं.

माझा कौल असा: रोज ऑफिसला, एसीत बसून काम असेल तर नार्सिसो. मे महिन्यात, घामात, लोकलच्या गर्दीत तिन्हींपैकी काहीच भरपूर लावू नये, पण लावायचंच तर मनगटाला अत्तराचा एक ठिपका किंवा कानात फाया, तो आसपासच्यांना छळत नाही. क्लोए मी स्वतःसाठी घेणार नाही, मावसबहिणीला देईन.

अत्तर घेताना किंमत बघा. तीन मिलिलिटरची कुपी शंभर रुपयांत मिळाली तर त्यात चंदनाचं तेल नाही हे धरून चाला. पॅराफिनसारखं काहीतरी असेल. ते वाईटच असतं असं नाही, पण चंदनामुळे जो टिकाव येतो तो त्यात मिळणार नाही. दुकानदाराने हाताच्या मागे लावून दिलं की लगेच पैसे काढू नका, बाजारात तासभर फिरून या. आणि रेशमी पदराला लावू नका, तेलाचा डाग बसतो. मोत्यांच्या सरावर स्प्रे मारणंही टाळा, अल्कोहोलने मोत्यांची चमक जाते.