आधी चढ की आधी उतार?

टेकडीवरची शांत वस्ती आणि तिथल्या बागा पायी बघायच्या, तर पायथ्यापासून चढत जायचं की वाहनाने माथा गाठून खाली उतरायचं?

चढताना धाप लागते, चाल मंदावते, आणि खरी मजा तिथेच आहे. भिंतीवर पसरलेला वेल, दोन घरांच्या मधून वर घुसलेल्या अरुंद पायऱ्या, वळणावरचा एकटा बाक... हे सगळं दम खायला थांबल्यावरच दिसतं. वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा अजूनही कामी येतो: ५ किलोमीटरला साधारण एक तास आणि दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं जास्तीची. म्हणजे ३ किलोमीटर आणि १०० मीटर चढ असेल तर पाऊण तास. (बागेतलं रेंगाळणं त्यात धरलेलं नाही!)

उतरणं छातीला सोपं, गुडघ्यांना नाही. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात. म्हणून दुखणं एक-दोन दिवसांनी उगवतं. पायऱ्या ओल्या असतील, वर पानांचा सडा असेल, तर विचारूच नका. एक मात्र मान्य: उतरताना शहर सतत समोर पसरलेलं असतं, चढताना ते पाठीमागे राहतं.

सोबत दम लागणारं कोणी असेल तर माथ्यावरून निघा. एकटी असले की मी पायथाच निवडते, आणि सर्वात वरची बाग शेवटी ठेवते.